नवरीच्या गाडीचा स्पॉयलर

कोरेवाडीच्या भावकीत लग्न कुणाचंही असो, नवरी घरी यायची ती उदयसिंहाच्या गाडीतनंच. तसा कुणी ठराव केला नव्हता. पण त्यानं पांढरी सेडान दारात आणली तेव्हापासून भावकीतल्या झाडून साऱ्या सुना त्या गाडीच्या मागच्या सीटवर बसून गावात आल्या. वेशीत गाडी थांबली की हलगी कडाडायची, नवऱ्याची आई चाकापुढं नारळ फोडायची, नवरा-नवरीवरून भाकरतुकडा ओवाळून टाकायची, आणि त्यानंतर गाडी चालवणाऱ्याचा मान. कपाळाला कुंकू, डोक्यावर टोपी, खांद्यावर टॉवेल. उदयसिंहाच्या कपाटात असल्या टॉवेलांची चळत होती आणि त्यातल्या एकानंही त्यानं कधी अंग पुसलं नव्हतं. बायकोनं, संयोगितानं, एकदा त्यातला एक दोरीवर वाळत घातलेला दिसला तर हा बाबा असा खेकसला की शेजारची माणसं दारात येऊन उभी राहिली.

एवढं सुरळीत चाललेलं, आणि गेल्या दसऱ्याला ऋषिराजनं गाडी घेतली.

ऋषिराज म्हणजे त्याच्या सख्ख्या चुलत्याचा पोरगा, पुण्यात कंपनीत कामाला. दसऱ्याला देवळापुढं गाड्यांची पूजा चालली होती आणि उदयसिंह आपल्या बॉनेटवर झेंडूची माळ चढवत होता. तेवढ्यात हा निळ्या रंगाची चकचकीत गाडी घेऊन आला. आला तो आला, गाडी नेमकी उदयसिंहाच्या गाडीला खेटून लावली. त्या गाडीच्या डिकीच्या कडेला एक काळी पट्टी होती, टोकाला जराशी वर वळलेली. बघता बघता सगळी माणसं त्या पट्टीभोवती गोळा झाली. कुणीतरी बोललंसुद्धा, "दादा, तुमच्या गाडीला न्हाई व्हय असलं?"

उदयसिंहाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हातातली माळ त्यानं अशी ओढली की अर्धा झेंडू खाली सांडला.

"स्पॉयलर म्हणत्यात याला," ऋषिराज सगळ्यांना सांगत होता. "गाडी जोरात पळाया लागली की टपावरनं आलेलं वारं डिकीपाशी भोवरा धरतं आणि गाडीचं बूड वर उचलाया बघतं. ही पट्टी त्या वाऱ्याला आडवी जाती. मग बूड रस्ता धरून ऱ्हातं."

"एवढ्याशा पट्टीनं?" उदयसिंह म्हणाला.

"एवढी पुरती दादा. मोठी न्हाई लागत."

मोठी लागत नाही, हे वाक्य उदयसिंहानं ऐकलंच नाही. त्याच्या डोक्यात एवढंच शिरलं की ऋषिराजच्या गाडीला आहे आणि आपल्या गाडीला नाही.

तरी तो गप्प राहिला असता. पण माघात यशराजचं लग्न ठरलं. यशराज दोघांचाही चुलतभाऊ, तिसऱ्या चुलत्याचा धाकटा. पोरगी सांगलीच्या बाजूची, सृष्टी नावाची, बँकेत नोकरीला. घरी ट्रॅक्टर, ऊस, सगळं बक्कळ. सुपारी फुटली त्या दिवशी उदयसिंह पंगतीत जेवत होता, आणि यशराज आपल्या आईला, लीलाबाईला, हळूच म्हणाला, "आई, या बारीला ऋषिदादाची गाडी सांगू या का? फोटूत लय भारी दिसंल."

लीलाबाई म्हणाल्या, "बघू की."

बघू की! भर पंगतीत, वाढपी बुंदी घेऊन पुढ्यात उभा, आणि काकीच्या तोंडून असा शब्द?  इतक्या सुना आणल्या, कधी एकीच्या शालूला डाग लागू दिला नाही, रात्र म्हटली नाही की ऊन म्हटलं नाही, आणि आता एका पट्टीपायी 'बघू की'! उदयसिंह तसाच उठला, हात धुतला आणि गाडीत जाऊन बसला. ऋषिराज समोरच्या ओळीत बसून बुंदी मागून घेत होता. त्याचं ते हसणं उदयसिंहाला बघवत नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी त्यानं सांगली गाठली. कुपवाडला धरणेंद्र नावाचा एक फायबरचं काम करणारा होता. कुणाला देवाची प्रभावळ, कुणाला दुकानापुढचा हत्ती, गिऱ्हाईक म्हणेल ते तो करून द्यायचा.

"स्पॉयलर पायजे," उदयसिंह म्हणाला.

"केवढा करू?"

"गावात एक हाय, त्याच्या चौपट."

धरणेंद्रनं दुसरं काही विचारलं नाही. त्यानं चांगला लांबरुंद, लालभडक स्पॉयलर केला आणि दोन खांब रोवून डिकीवर उंच बसवला. गाडीच्या दोन्ही अंगांनी तो बाहेर आला आणि मागं तर डिकीच्याही पलीकडं लोंबकळत राहिला. उदयसिंहानं चारी बाजूंनी फिरून बघितला आणि त्याची छाती फुगली. ऋषिराजचं तोंड कसं होईल, हे मनात आणून तो एकटाच हसला.

येताना पेठ नाक्याला हायवे लागला तसा त्यानं पाय दाबला. गाडी नेहमीसारखी उसळेना. कुणीतरी मागनं धरून ओढतंय असं वाटायला लागलं. आणि वेग वाढला तसं स्टेअरिंग हातात हलकं लागायला लागलं, नको तेवढं हलकं. वळवलं तरी गाडी क्षणभर सरळच जायची आणि मग वळायची.

ऊसपट्ट्यातल्या माणसाला हे काय आहे ते कुणी सांगावं लागतं का? सीझनला ट्रॉलीत मागं वजन जादा झालं की ट्रॅक्टरचं तोंड उचलतं, पुढची चाकं रस्त्याला नुसती टेकल्यासारखी होतात, मग स्टेअरिंग गरागरा फिरवा नाहीतर देवाचं नाव घ्या. बैलगाडीतही मागं ओझं जादा झालं की जू बैलाच्या मानेवरनं उचलतं, त्याला उलाळ झाली म्हणतात. इथं ओझ्याच्या जागी वारं होतं, एवढाच फरक. वारं त्या लाल फळीवर बसून डिकी खाली दाबत होतं आणि तोंड वर येत होतं. आणि या गाडीची तर पुढचीच चाकं वळणारी, पुढचीच ओढणारी. तीच हलकी झाली तर राहिलं काय!

हे सगळं उदयसिंहाला तिथल्या तिथं कळलं. त्यानं पाय काढला, गाडी सावकाश घेतली, स्टेअरिंग पुन्हा हाताला लागलं. 'नवरी घेऊन कोण जोरात पळवतंय?' असं त्यानं स्वतःला सांगितलं आणि दुसऱ्या कुणालाच काही सांगितलं नाही.

गावात एकच गलका झाला. संयोगिता तेवढी दारात उभी राहून बघत म्हणाली, "आवं, डिकीवर बाज कशापायी बांधून आणलीसा? पापड घालू का वाळत?"

"तुला काय कळतंय त्यातलं!"

"मला न्हाई कळत. पर तुमाला कुणाचं बघून सुचलं, ते कळतंय."

संध्याकाळी यशराज आला, त्यानं स्पॉयलरला टेकून फोटो काढले आणि आईला जाऊन सांगितलं. लीलाबाईंनी निरोप धाडला, नवरी तुझ्याच गाडीतनं आणायची. उदयसिंह त्या दिवशी दोन भाकरी जादा जेवला.

ऋषिराजही बघायला आला. गाडीभोवती फिरला, खाली बसून खांबाचे नट बघितले, फळीवर हात दाबून बघितला. मग म्हणाला, "दादा, चालवताना कसं वाटतंय?"

"लोणी," उदयसिंह म्हणाला. "नुसतं लोणी."

ऋषिराजनं एकदा त्याच्याकडं बघितलं आणि निघून गेला. त्याचं एवढंसं झालेलं तोंड बघून उदयसिंहाला पुढचे चार दिवस गोड वाटत होतं. त्याच पंधरवड्यात ऋषिराज सुट्टी काढून दोनदा सांगलीला जाऊन आला, असं कानावर आलं. पण जिंकलेला माणूस असल्या गोष्टीकडं कशाला लक्ष देतोय?

लग्न सांगलीला झालं. अक्षता पडल्या, जेवणं उरकली, आणि उन्हं कलायच्या आत परतीची तयारी लागली. लीलाबाई ओवाळायची तयारी करायला म्हणून पुढं निघून गेल्या. सृष्टीच्या घरच्यांनी रुखवताचं सामान उदयसिंहाच्या डिकीत भरलं. तांब्याचा हंडा, पितळेच्या समया, पाटा-वरवंटा, लाडवांचे डबे. पाटा-वरवंटा आत ठेवला तशी गाडी मागनं दबली. उदयसिंहानं ते बघितलं. 'बसमध्ये टाका' एवढंच म्हणायचं होतं. पण ऋषिराज बाजूलाच उभा होता, गाडीला टेकून, आणि त्याच्यापुढं असलं काही बोलणं म्हणजे आपल्या हातानं आपलं नाक कापून घेणं. त्यानं डिकी तशीच दाबून लावली.

मागच्या सीटवर सृष्टी, यशराज आणि पाठराखीण म्हणून आलेली सृष्टीची आत्या. मागनं ऋषिराजची निळी गाडी, आणि सगळ्यांत मागं वऱ्हाडाची बस. बसमध्ये संयोगिता आणि भावकीतल्या साऱ्या बायका. आष्टा गेलं, इस्लामपूर गेलं, उदयसिंह अगदी बेतानं चालवत होता. रस्त्याकडेची माणसं लाल स्पॉयलरकडं वळून वळून बघत होती आणि प्रत्येक नजर तो आरशातनं टिपत होता.

पेठ नाका ओलांडून हायवेला लागले आणि ऋषिराजनं हॉर्न दिला. एकदा, दोनदा, आणि सुर्रकन बाजूनं पुढं निघून गेला. जाताना काच खाली करून हात हलवला.

सृष्टीनं खिडकीतनं बघितलं आणि सहज विचारलं, "कुणाची हो ती गाडी? छान दिसती."

संपलं! नवरी याच्या गाडीत, सामान याच्या डिकीत, आणि कौतुक त्याच्या गाडीचं! उदयसिंहाच्या अंगाचा तिळपापड झाला. बेत, वजन, पाटा-वरवंटा, सगळं डोक्यातनं गेलं आणि पाय आपोआप खाली गेला. निळी गाडी जवळ यायला लागली. स्टेअरिंग हलकं झालं, त्याला कळलं. अजून हलकं झालं, तेही कळलं. पण निळ्या गाडीची ती काळी पट्टी डोळ्यांपुढं नाचत होती आणि पाय निघत नव्हता.

पुलाच्या अलीकडं डावीकडं वळण होतं. त्यानं स्टेअरिंग वळवलं. गाडी वळलीच नाही. सरळ दुभाजकाकडं निघाली. बाजूनं ट्रकचा भोंगा वाजला, मागनं आत्याबाई किंचाळल्या, यशराज "दादा! दादा!" करत पुढच्या सीटवर आदळला. उदयसिंहाचा पाय सुटला. वेग मोडला, तोंड खाली बसलं, चाकांनी रस्ता धरला आणि गाडी दुभाजकाला अगदी घासायच्या बेतात वळली. मागच्या सीटवर काचा पिचकल्याचा बारीक आवाज झाला तेवढाच.

त्यानं गाडी कडेला लावली.  

मग मागनं सृष्टी म्हणाली, "भावजी, पुढचं उचललं न्हवं?"

उदयसिंहानं आरशात बघितलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"आमच्या दारात ट्रॅक्टर हाय," ती म्हणाली. "मी चालवलाय. असंच होतं."

ऋषिराजनं आरशात बघितलं असावं. तो पुढं थांबून, गाडी कडेकडेनं मागं घेत आला आणि धावतच उतरला. उदयसिंह खाली उतरून डिकीपाशी उभा होता. त्याला आता दोनच वाटा दिसत होत्या. नवरीला ऋषिराजच्या गाडीत बसवायचं, नाहीतर तो स्पॉयलर इथंच उपटून टाकायचा. पहिली गोष्ट तर तो मेला तरी करणार नव्हता. दुसरीला पाना लागत होता, आणि पान्यांचा डबा रुखवताला जागा करताना त्यानंच सांगलीत काढून बसमध्ये टाकला होता.

"पाना हाय का?" त्यानं विचारलं. आयुष्यात त्या माणसापुढं पहिल्यांदा हात पसरला. शब्द बाहेर पडताना जिभेला कडू लागले.

ऋषिराज जागचा हलेना.

"पाना, ऋषी! डिकीत असंल."

"डिकी नको," ऋषिराज म्हणाला. "म्हंजे... थांब, मी काढतो."

उदयसिंहाला धीर नव्हता. त्यानं स्वतःच जाऊन निळी डिकी उघडली. आत चादरीत गुंडाळलेलं काहीतरी आडवं ठेवलं होतं. लांबडं. एक कोपरा उघडा पडला होता आणि तो लालभडक होता. उदयसिंहानं चादर ओढली. त्याच्यासारखाच स्पॉयलर. तोच रंग, तसेच खांब. फक्त त्याच्यापेक्षा वीतभर मोठा.

"धरणेंद्रचा?" त्यानं विचारलं.

ऋषिराजनं मान हलवली.

"मग लावला का न्हाईस?"

"लावला होता," ऋषिराज खाली बघत म्हणाला. "हायवेला काढली गाडी. तोंड उचलाया लागलं. भ्यालो आणि परत येऊन सोडला."

 उदयसिंहानं हातातली चादर खाली टाकली.

"म्हंजे तुला ठावं होतं."

"तुलाबी ठावं होतं की."

"मग सांगितलं का न्हाईस मला?"

"सांगितलं असतं तर तू म्हणला असतास, ऋषी जळतोय." ऋषिराजचा आवाज चढला. "आणि जळतच होतो! दर लग्नात तुझ्याच डोक्यावर टोपी.  म्हणलं, होऊ दे जरा फजिती. एवढं होईल असं न्हाई वाटलं, दादा. आईशप्पथ न्हाई वाटलं."

मागं पैंजण वाजले. सृष्टी खाली उतरून उभी होती, शालूचा घोळ हातात धरून. तिनं सगळं ऐकलं होतं.

"दोघांनाबी ठाऊक होतं?" ती म्हणाली. "आणि तरी मला बसवलं?"

 एक निळ्या गाडीकडं बघत राहिला, दुसरा पांढऱ्या.

तेवढ्यात वऱ्हाडाची बस येऊन थांबली. खिडकीतनं संयोगितानं डोकं काढलं, "आवं, काय झालं?" सृष्टी कुणालाही काही न सांगता सरळ बसच्या दाराकडं चालायला लागली. यशराज मागनं धावला. आत्याबाईही उतरल्या. बस चालवणारा आकाराम गडबडीनं आपल्या शेजारच्या सीटवरची पिशवी बाजूला करायला लागला. बायकांनी आत एकच गिल्ला केला, नवरी आली, नवरी आली! आणि बस निघून गेली. मागनं दोन रिकाम्या गाड्या, एकामागं एक, बैलगाडीच्या चालीनं.

वेशीत लीलाबाई आरतीचं ताट घेऊन उभ्या होत्या. बसमधनं नवरी उतरताना बघून त्या चक्रावल्या, पण मुहूर्ताच्या वेळी चौकशी कशी करायची? हलगी सुरू होतीच. नारळ बसच्या चाकापुढं फुटला. भाकरतुकडा ओवाळून झाला. आणि मग चालवणाऱ्याचा मान. आकाराम "मला कशाला, मला कशाला" करत खाली उतरला. त्याला कुंकू लावलं, टोपी घातली, खांद्यावर टॉवेल टाकला. त्यानं बसच्या आरशात डोकावून टोपी नीट केली आणि सगळे हसले.

उदयसिंह गर्दीच्या मागं उभा होता. दोन घटकांपूर्वी आपल्याच हातनं नवरीचा जीव जाता जाता वाचला, त्याची लाज त्याला जाळत होती. तरीसुद्धा, खरं सांगायचं तर, आकारामच्या डोक्यावरची टोपी बघून त्याच्या पोटात दुखलंच. शेजारी ऋषिराज उभा होता आणि तोही टोपीकडंच बघत होता.

"अगं बया!" लीलाबाई एकदम म्हणाल्या. त्यांनी सृष्टीचा हात धरला होता. हिरव्या चुड्यातल्या चार-दोनच बांगड्या राहिल्या होत्या, मनगटावर रक्ताची रेघ होती. "चुडा कुठं पिचकला?"

बायका पुढं सरकल्या. गर्दीतनं एक म्हातारी कुजबुजली, सगळ्यांना ऐकू जाईल अशी, "वेशीतच चुडा फुटला. पायगुण काय बरा दिसंना." आणि ती कुजबुज हलगीपेक्षा लवकर पसरली.

सृष्टीनं मान वर केली. गर्दीवरनं तिची नजर मागं आली, आधी ऋषिराजवर, मग उदयसिंहावर. तिथं थांबली.

"बसच्या दारात हात अडकला," ती म्हणाली.

आकारामचं तोंड उतरलं. "व्हय... दार जरा घट्टच हाय माझं," तो पुटपुटला, आणि त्यानं आत्ताच मिळालेली टोपी डोक्यावरनं काढून हातात घेतली. बसमध्ये बसल्या बसल्या सृष्टीनं संयोगिताला सगळं सांगितलं होतं. संयोगिताही गर्दीत उभी होती आणि नवऱ्याकडं बघत होती. डोळ्यांची पापणी लवत नव्हती.

 उदयसिंह गप्प बसला तर झाकलं जात होतं. नवरीनं स्वतः झाकलं होतं. पण त्या पोरीच्या पायगुणावर गाव बोट ठेवत होतं, आणि एक भला माणूस टोपी काढून उभा होता.

शेजारी ऋषिराज खाकरला. एक पाऊल पुढं टाकलं. तोंड उघडलं.

आणि उदयसिंहाच्या काळजात लख्खकन झालं. हा बोलणार! हा आधी बोलणार, आणि हेसुद्धा हा घेऊन जाणार!

"काकी!" तो असा ओरडला की हलगी थांबली. ऋषिराजला कोपरानं मागं सारत, गर्दी फोडत तो पुढं आला. "काकी, चुडा माझ्या गाडीत फुटला! मी फोडला! आकाराम, घाल ती टोपी डोक्यावर!"